अकरा भेक

४ फेब्रुवारी

चि. टिटवीस,
अनेक आशीर्वाद.

जावईबापूंची कंबर कशी आहे? ओझं उचलताना गुडघ्यातून वाकायचं, कमरेतून नाही, हे त्यांना सांग. ऐकणार नाहीत, तरी सांग. धाकटीचे पुढचे दोन दात पडल्याचं कळलं. नवे आले, की अजून खिडकी उघडीच आहे? सासूबाईंना जिना जमतो का? आणि तुझी अर्धशिशी? उजेड सोसवत नाही म्हणून तू डोक्याला टॉवेल करकचून बांधून बसायचीस, आणि मामी म्हणायची, "आली बघा मारामारी करून."

हे सगळं मला कुठून कळतं, असं तुला वाटेल. आपल्या ग्रंथालयातल्या बाईंची बहीण तुमच्या गल्लीत राहते. मी काही पाळत ठेवत नाही गं. बाई भेटल्या की विचारतो, आणि त्या सांगतात. सहा वर्षांत तुझी एकच चिठ्ठी आली, "मी बरी आहे. मला पत्रं लिहू नकोस." मी ऐकलं. माझ्यासारख्या बोलघेवड्यानं सहा वर्षं तोंड शिवून घेतलं, ही काय साधी गोष्ट आहे?

माझं म्हणशील तर डावा कान गेला, उजवा जाण्याच्या वाटेवर आहे. फायदा एवढाच की शेजाऱ्यांचं भांडण आता अर्धंच ऐकू येतं. मामीला आता दुखत नाही.

नोकरीतून सुटून दोन वर्षं झाली. संस्थेच्या प्राणिघराला कुलूप आहे म्हणतात. काल आमच्या मोरीच्या नळाखाली, ओल धरून, एक भेक येऊन बसला होता. नर. ओलीमुळे याचा हंगाम पावसाआधीच सुरू झालेला दिसतो, दंड चांगले फुगले होते आणि अंगठ्यावर ती काळी खरखरीत गादी आली होती. शेजारीण किंचाळली, "काका, बेडूक!" मी म्हटलं, "बाई, हा बेडूक नव्हे, भेक. अंगावर चामखिळी बघा." मग तू मला शिकवलेलं सगळं तिला ऐकवलं. वर्षभर याचे हात काडीसारखे असतात. मादीला धरायचे दिवस आले की रक्तात काहीतरी उतरतं आणि मनगट आत ओढणारा स्नायू महिन्याभरात दुप्पट होतो. नुसता जाड होत नाही, त्याची चालच बदलते. एकदा आवळला की सैल पडायला वेळ लावतो, दमत नाही. दोन दोन दिवस मादीच्या पाठीवर मिठी मारून राहतो. दुसरे नर लाथा घालतात, हा ढिम्म. हंगाम सरला की पुन्हा काड्या. शेजारीण म्हणाली, "म्हणजे लग्नापुरता पहिलवान! आमच्या ह्यांच्यासारखाच." खूप दिवसांनी हसलो.

तू सात वर्षांची असताना माझी बहीण, तुझी आई, गेली आणि तू आमच्याकडे आलीस. शाळा सुटली की थेट प्राणिघरात. भेकाच्या मिठीत बोट द्यायचीस आणि ओरडायचीस, "मामा, सोडत नाही! मामा, सोडत नाही!" टिटवी नाव तेव्हाच पडलं. पुढे त्याच संस्थेत तू मोठ्ठी संशोधक झालीस आणि मी तुझ्या हाताखाली टब धुतले. त्यात मला कमीपणा कधीच वाटला नाही. लोकांना सांगायचो, माझ्या वरिष्ठ मला मामा म्हणतात.

तुला एक सांगायचं आहे. आज हात वळत नाही.

तुझा मामा

२१ फेब्रुवारी

चि. टिटवी,

उत्तर आलं नाही. त्यात टपालाचा दोष नाही, एवढं कळतं मला.

मागच्या पत्रात मी लबाडी केली. मामीला दुखत नाही असं लिहिलं. मामी डिसेंबरच्या नऊ तारखेला गेली. सकाळी तिनं चष्मा पुसून मागितला. मी पुसून आणला, तर तिला तो लागणारच नव्हता. तुला कळवायला हवं होतं. पण चिठ्ठीत तू लिहू नकोस म्हणाली होतीस. खरं म्हणजे तेही निमित्तच. मामी गेल्याचं कळवलं असतं, तर पुढचंही सांगावं लागलं असतं.

जाण्याआधी दोन दिवस तिनं विचारलं, "अहो, ती बरणी कुठे आहे?"
"माळ्यावर."
"पोरीला सांगितलंत?"
"नाही."
"माझ्यासाठी गप्प बसलात. मी तर चालले. आता कुणासाठी गप्प बसणार?"

मी म्हटलं, "असं अभद्र बोलू नकोस." ती म्हणाली, "विषय बदलायला तुम्ही पहिल्यापासून पटाईत."

तर ऐक. दम लागेल तिथे थांबेन, पण आज सगळं सांगेन.

तुझे वीस नर भेक. हंगामाआधी त्यांचे दंड मोजायचे, भर हंगामात मोजायचे, आणि हंगाम सरल्यावर पुन्हा त्यांचेच मोजायचे. रबराची नळी त्यांच्या मिठीत द्यायची, तिला ओढ मोजणारा ताणकाटा अडकवायचा, आणि धरून किती वेळ राहतात ते घड्याळावर बघायचं. कुठला कोण ते कळावं म्हणून तू प्रत्येकाच्या मागच्या पायाच्या बोटांची टोकं ठरावीक रीतीनं कापली होतीस. तो त्याचा नंबर. तिसरी मोजणी व्हायची होती आणि तू बारा दिवस परगावी गेलीस, तिथल्या यंत्रावर काम होतं म्हणून. जाताना म्हणालीस, "मामा, माझी पोरं सांभाळ."

नळाच्या पाण्यात औषध असतं. एक दिवस उघड्या पिंपात ठेवल्याशिवाय ते भेकांना द्यायचं नसतं, कारण ते तोंडानं पीत नाहीत, कातडीनं पितात. चौतीस वर्षं मी हा नियम पाळला. नव्या माणसाला पहिला धडा मी हाच द्यायचो. तू गेल्याच्या तिसऱ्या दिवशी मामीचं ऑपरेशन होतं. आदल्या दिवशी पिंप भरायचं राहिलं. सकाळी टब बदलायला आलो तर पिंप कोरडं ठाक, आणि इस्पितळात नऊला पोचायचं होतं. म्हटलं, एकदा काय होतंय. पाइप सरळ टबांत सोडला. खालच्या फळीवरचे झाले, वरच्या फळीला हात घालणार तोच इस्पितळातून बोलावणं आलं. म्हणून वरचे नऊ वाचले.

दुपारी परत आलो. खालचे अकराच्या अकरा पोट वर करून.

मोठ्या साहेबांनी आदल्याच महिन्यात एका पहारेकऱ्याला डुलकी लागली म्हणून घरी पाठवलं होतं. मामीचे उपचार संस्थेच्या नोकरीवर चालले होते. माझी नोकरी गेली असती तर ऑपरेशनच्या टाक्यांसकट तिला बाहेर काढलं असतं. हे मी कारण म्हणून सांगतोय, सबब म्हणून नाही. दोन्हींत फरक आहे असं मला इतकी वर्षं वाटत होतं. आता वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे वीटभट्टीमागच्या डबक्यावर गेलो. तिथलं पाणी भट्टीमुळे कोमट, म्हणून भेकांचा हंगाम इतर ठिकाणी संपला तरी तिथे रेंगाळतो. गुडघाभर चिखलात उभा राहिलो. सुटे नर टणाटण उड्या मारत निसटत होते आणि माझे गुडघे असे. मग काय केलं माहीत आहे? मिठीत असलेले उचलले. ते पळत नाहीत. मादीसकट हातात घ्या, तरी सोडून पळावं हे त्यांना सुचतच नाही. एकेकाची मिठी बोटांनी उकलायला मला मिनिट मिनिट लागलं. दोन पहाटांत अकरा जमवले. मग मेलेल्यांच्या पायांकडे बघत बघत जिवंतांची बोटं कापली. सात नंबरची तशी सातला, बारा नंबरची तशी बाराला. माझ्या हातून आजवर एका उंदरालाही उगाच इजा झाली नव्हती. तेव्हा तो कोपऱ्यातला पंखा मोठ्यानं लावला होता, कशाला ते विचारू नकोस.

मेलेले टाकून द्यायला मन धजेना. चौतीस वर्षांची सवय, मेलेला प्राणी बरणीत जातो. स्पिरिटमध्ये घातले आणि घरी आणले.

तू आलीस. मोजायला बसलीस. खालच्या फळीवरचे हंगाम सरला तरी नळी सोडेनात. दंड जाडच्या जाड. तू उठून नाचलीस गं. "मामा, ह्यांचे स्नायू उतरलेच नाहीत! काही नर हंगाम संपला तरी तसेच राहतात, हे आजवर कुणी पाहिलेलं नाही!" मी टब धूत होतो. न निवडता घेतलेले तुझे वीस भेक कुठे, आणि मिठीतले म्हणून मी वेचलेले, डबक्यातले सगळ्यांत घट्ट धरणारे कुठे. मला तेव्हा हे कळलंही नव्हतं. एवढंच कळलं की तू खूश आहेस. आणि मामीची जखम भरत होती.

पुढचं तुला माहीत आहे. निबंध छापून आला, नाव झालं. मग आणखी दोन ठिकाणी लोकांनी करून पाहिलं. त्यांचे भेक शहाण्यासारखे हडकले. तू आकडे बनवलेस असा आरोप आला, चौकशी समिती बसली. समितीपुढे तू आत गेलीस तेव्हा मी बाहेर बाकावर बसलो होतो. देवाशपथ, ठरवलं होतं, मला बोलावलं की सांगून टाकायचं. मला कुणी बोलावलंच नाही. तू बाहेर आलीस, माझ्या खांद्यावर हात ठेवलास आणि म्हणालीस, "चल मामा, घरी जाऊ." आणि मी उठून चालायला लागलो.

आता तू काहीही म्हण.

मामा

२ मार्च

टिटवी,

आज चारच ओळी. उद्या बरणी घेऊन संस्थेत जातोय. खाली काढली. झाकण नीट बसलं नव्हतं, स्पिरिट अर्ध्यावर आलं होतं. संस्थेतल्या तीनशे बरण्या दर महिन्याला न चुकता भरणारा मी, ह्या एकीकडे इतकी वर्षं फिरकलो नाही. वरचे तीन सुकून चामडं झालेत. बाकीचे ठीक आहेत, बोटं स्वच्छ दिसतात. तुझे ते दुसरे अकरा संस्थेत जपून ठेवलेले असतीलच. दोन्ही शेजारी ठेवले की आंधळ्यालाही कळेल. एका नंबरचे दोन दोन भेक कसे असतील?

दाढी केली आहे. लग्नातला कोट काढला, तर तो मला दोन वेळा गुंडाळता येईल. तुझं नाव धुऊन निघेल, टिटवी. उशिरा का होईना.

मामा

१० मार्च

चि. टिटवीस,

आठ दिवस लिहिलं नाही. लिहायला बसलो की पेन हातात घेऊन दुपार व्हायची.

नव्या प्रमुखबाई चांगल्या आहेत. तू त्यांना ओळखत नाहीस. उठून उभ्या राहिल्या, चहा मागवला. "मामा, तुमचं नाव खूप ऐकलंय." मी सगळं सांगितलं, तुला लिहिलं तसंच. मध्येच त्यांचा चहा गार झाला. त्यांनी तुझी जुनी बरणी मागवली, दोन ताटल्या घेतल्या, भिंग घेतलं. बराच वेळ बघत होत्या. मग म्हणाल्या, "हो. दोन्ही सात आहेत."

माझा जीव भांड्यात पडला. म्हटलं, "बाई, मग आता तिला बोलवा. तिची चूक नव्हती असं लिहून द्या."

त्या उठल्या. कपाटातून फाइल काढली, एक पान उलटून माझ्यासमोर ठेवलं. तुझं अक्षर. खाली सही. "प्रयोगाच्या संपूर्ण काळात प्राण्यांची देखभाल मी स्वतः केली. माझ्याशिवाय कुणीही त्यांना हात लावलेला नाही."

मी म्हटलं, "हे खोटं आहे. सगळ्या संस्थेला माहीत होतं, टब मीच बघायचो."

"तेच तर, मामा," बाई म्हणाल्या. "तुमचं खरं मानलं, तर त्यांनी समितीपुढे खोटं लिहून दिलं आणि चौकशी अडवली. तुमचं खोटं मानलं, तर जुना निकाल आहेच. दोन्हीकडून त्याच अडकतात. आणि आता तुम्ही सांगितलंत, मला ते दाबून ठेवता येणार नाही. मला त्यांना विचारावं लागेल."

मी म्हटलं, "मग मी काही सांगितलंच नाही असं समजा. म्हातारा आहे, भ्रमलाय म्हणा." बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या ताटल्यांकडे बघत म्हणाल्या, "हे दोन सात मी आता न बघितलेले कसे करू?"

घरी कसा आलो, ठाऊक नाही. वाटेत एके ठिकाणी पायरीवर बसलो, तर कुणीतरी पाणी दिलं.

टिटवी, तुला माहीत होतं.

चौकशीच्या आदल्या दिवशी तू प्राणिघरात आली होतीस. ते अकरा ताटलीत मांडून, भिंग लावून, एकेकाचे पाय बघत होतीस. मी पलीकडे जुन्या खोक्यांना सुतळी बांधत होतो. तू म्हणालीस, "मामा, ही सुतळी जरा काप." मी कापली. तू ते कापलेलं टोक हातात घेतलंस. मी डावखुरा. माझ्या कात्रीचा काप उलटा कलतो. मामी चेष्टा करायची, तुमच्या हातचं कापड शिवता येत नाही. तू ते टोक बघितलंस, ताटलीत बघितलंस, मग माझ्याकडे. किती वेळ बघत होतीस! मला वाटलं, डोकं दुखतंय तुझं. आणि मग तू विचारलंस, "मामीची अजून किती इंजेक्शनं राहिलीत?"

"आठ," मी म्हटलं.

"आठ," तू म्हणालीस. ताटली उचललीस आणि गेलीस.

आणि दुसऱ्या दिवशी ते लिहून दिलंस. मला आत कुणी बोलावू नये म्हणून. मी बाकावर बसून माझ्या हिमतीची वाट बघत होतो, आणि आत तू दाराला कडी लावून घेत होतीस.

मामीला ती आठही मिळाली. त्यानंतर सहा वर्षं जगली. धाकटीचा फोटो ग्रंथालयातल्या बाईंनी आणून दिला तेव्हा उशाशी ठेवायची. तुझ्या जिवावर जगतोय हे तिला ठाऊक नव्हतं, आणि मला ठाऊक नव्हतं, आणि ज्या एकटीला ठाऊक होतं तिनं तिकडे कुठल्याशा दुकानात औषधांच्या बाटल्यांवर लेबलं चिकटवत दिवस काढले. "मला पत्रं लिहू नकोस" ह्याचा अर्थ मी सहा वर्षं राग असा लावला. मला लिहायचं म्हणजे एकतर खोटं लिहावं लागलं असतं किंवा खरं, म्हणून तू लिहीत नव्हतीस. होय ना?

मी गप्प राहिलो तेव्हा तुझं काम गेलं. बोललो तर आता जे उरलं होतं तेही जाईल. आकडे बनवणारी म्हणून तुला घालवलं होतं. आता समितीला फसवणारी असाही शिक्का बसेल. निदान तुझं तुला माहीत होतं की तू हे कशासाठी केलंस. तेवढं झाकलेलं तुझ्याजवळ होतं, आणि मी जाऊन तेच उघडं केलं, चहा पीत पीत, लग्नातला कोट घालून. मामी असती तर म्हणाली असती, "तुम्हाला एक काम धड सांगायची सोय नाही." पण मामीनंच सांगितलं होतं. तिचाही इलाज नव्हता.

संस्थेचं पाकीट तुझ्याकडे येत्या आठवड्यात येईल. तपकिरी, लांबट. त्यात तुला विचारतील की तुझं लिहून दिलेलं खरं की मामाचं. काय लिहायचं ते मी सांगणार नाही. खोटं लिही म्हणायला आता माझी जीभ वळत नाही, आणि खरं लिही म्हणायचा हक्क मला नाही. जावईबापूंना आधी सांग, त्यांना पाकिटातून कळू देऊ नकोस. मी तुझ्याकडे यावं असं वाटलं तर येईन, पायऱ्यांवर बसेन. नको वाटलं तर नाही येणार.

पण त्या पाकिटाला उत्तर देण्याआधी मला एक ओळ लिही. माफी मागत नाही, कारण ती द्यायची म्हटली तर तुलाच पुन्हा काहीतरी सोसावं लागेल. शिव्या लिहिल्यास तरी चालेल. नुसती सही केलीस तरी चालेल. कोऱ्या कागदावर माझा पत्ता घालून पाठवलास तरी मला कळेल की तुझा हात माझ्यासाठी एकदा उचलला गेला. टपालवाला आमच्याकडे अकराच्या सुमाराला येतो. मी दाराशीच असतो. लवकर लिही गं.

तुझा,
मामा